गुरुवारची गोळी

नाव लांबलचक होतं, जिभेवर बसायचं नाही.
आम्ही तिला गुरुवारची म्हणायचो.
आठवड्यातून एकदाच, जेवल्यावर.
रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं
धंतोलीच्या डॉक्टरांनी लाल पेनाने लिहून दिलेलं.
म्हणून ती आईच्या हाताला लागू द्यायची नाही मी.
वरच्या फळीवर, चहापत्तीच्या डब्यात ठेवायची.
मीच काढायची, मीच द्यायची.
पाच वर्षं. एक गुरुवार चुकला नाही.

आधी बोटं वळली होती तिची.
गोळीबार चौकामागे, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
चाळीस वर्षं धोटा फेकलेली बोटं.
पोळीचा तुकडा मोडेना,
ब्लाऊजचा हूक लागेना,
रात्री उशीखाली हात दाबून झोपायची,
हात नव्हे, कुणाचं चोरलेलं काहीतरी असल्यासारखे.

गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात
तिने माझी वेणी घातली.
मी छत्तीस वर्षांची, इतवारीत धान्याच्या पेढीवर हिशेब लिहिणारी,
घट्ट तीन पेडांची वेणी घालून
त्या दिवशी कामावर गेले.

मग खोकला आला. कोरडा.
जिना अर्धाच चढून थांबायला लागली.
कारण प्रत्येकाकडे तयार होतं.
सुताची धूळ गं, दुसरं काय, म्हणाली मावशी.
कोराडीची राख, म्हणाले हेडाऊ मास्तर.
कूलरची ओल. ताटी बदला.
एकाने विचारलं, बाई बिडी ओढायच्या का?
चहापत्तीच्या डब्याबद्दल
कुणीच विचारलं नाही.
मीही नाही.

मेडिकलला एक पोरगेलीशी डॉक्टर होती,
डोळ्यांखाली दोन-तीन रात्रपाळ्या साठलेली.
म्हणाली, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.
शेजारणीने दिलेल्यासुद्धा.
मी पिशवी टेबलावर उलटी केली.
बीपीची, पित्ताची, झोपेची,
आणि चहाचा वास येणारी एक पट्टी.
तांदळातला खडा बाजूला काढावा
तशी तिने ती काढून ठेवली. बराच वेळ बोलली नाही.
मग आईच्या पाठीला नळी लावून माझ्या कानात दिली.
श्वास आत जाताना
लहान मुलाच्या बुटाची पट्टी उघडावी
तसा आवाज, प्रत्येक वेळी.

सीटीची फिल्म खिडकीशी धरली.
आई पुढे झाली, डोळे बारीक करून
विणीत चूक शोधतात तशी बघत राहिली.
"हे कोनं विनलं वं?
बाना लई ठासला. जागाच नाई सोडली."
डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली.
मी म्हटलं, बरोबर वाचतेय ती.

"उसवता नाई येत?"
"थांबवता येईल," डॉक्टर म्हणाली, "उसवता नाही."
आणि थोड्या वेळाने, "थांबवता येईल, बहुतेक."

गोळी बंद झाली.
घरी येऊन मी डबा घेऊन ओट्याशी उभी राहिले.
"रडतं काहून? घास तो डब्बा,
चहाले गोयीचा वास येते इतक्या दिवसाचा.
मी बोलली नाई."

आता मे महिना. कूलरच्या घरघरीत
ऑक्सिजनच्या मशीनची घरघर मिसळलेली,
लाइट गेली की दोन्ही एकदम गप्प होतात,
आणि आम्ही दोघी दाराकडे बघतो.
बोटं दिवाळीनंतरच वळायला लागली होती.
गुरुवारी जेवण झालं की
ती अजून तळवा पुढे करते, सवयीने,
पुरता न उघडणारा.
मग दोघींच्याही लक्षात येतं.

आज म्हणाली, बस खाली, केस दे.
तीन पेडांत अकरा वेळा थांबली.
मी घड्याळाकडे पाठ केली होती.
इतवारीला पोचेपर्यंत वेणी सुटली.
दिवसभर मी ती बांधली नाही.